दुसरी लेन्स घेण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचे चाळीस फोटो मिळाले. फोटो दोनदा पाहिले, पत्र तीनदा वाचलं. पत्रात एक प्रश्न आहे आणि एक वाक्य. प्रश्न असा, की किट लेन्सनंतर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सनंतर, दुसरी कोणती घेऊ? आणि वाक्य असं, की ‘मावशी, आमच्या शहरात काढण्यासारखं काही नाही, म्हणून मी सहलीची वाट बघत असते.’ चाळीसपैकी अडतीस फोटो सहलीतले आहेत. उरलेले दोन तुझ्या जिन्यातले. त्यातल्या एकात कठड्याची सावली पायऱ्यापायऱ्यांवर मोडत खाली उतरली आहे. सगळ्यांत चांगला फोटो तोच, आणि तू तो अगदी शेवटी, चुकून आल्यासारखा, ठेवला आहेस.

आधी लेन्सचं उरकू, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. मीही तुझ्या वयात लेन्सची माहितीपत्रकं पाठ करायचे. तू एक कर. फोटो साठवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थनुसार, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं बघते त्या मिलिमीटरमधल्या आकड्यानुसार, फोटो वेगळे लावता येतात. गेल्या वर्षभराचे सगळे तसे लावून बघ. मी पहिल्यांदा लावले तेव्हा ओशाळले. जवळजवळ सगळे एकतर १८ ला, नाहीतर ५५ ला. मधलं सगळं ओसाड. म्हणजे मला १८ आणि ५५ फार प्रिय होतं का? छे. फ्रेममध्ये मावत नाही म्हटलं की झूमची रिंग एका टोकाला, लांब वाटलं की दुसऱ्या टोकाला. पाय मात्र जागचे हलत नव्हते.

तेव्हा रिंग ३५ वर आण, वरून चिकटपट्टी लाव आणि महिनाभर काढू नकोस. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) मानाने दीडपट लहान, त्यामुळे ३५ तिथे साधारण ५२ सारखं बघतं. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्याच लेन्सने केलं. हे भक्तिभावाने सांगत नाहीये. त्याचे काही फोटो मला फारच नेटके वाटतात. पण एवढ्या एका नजरेत रस्ता, माणूस आणि भिंत सगळं बसवता येतं याचा तो चांगला पुरावा आहे.

महिनाभरात तुला आपोआप कळेल. सारखी पाठ भिंतीला टेकत असेल, मागे सरायला जागाच उरत नसेल, तर तुला २३-२४ च्या आसपासची लेन्स हवी. जागा पुरते पण संध्याकाळी फोटो दाणेदार येतात, अशी तक्रार असेल तर ३५ चीच एफ/१.८ वाली घे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र जास्त उघडतं. तुझी किट लेन्स ३५ वर जास्तीत जास्त एफ/४.५ किंवा ५ पर्यंत उघडते. एफ/१.८ म्हणजे अडीच ते तीन स्टॉप जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). जिथे आज आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ६४०० लावावा लागतो तिथे हजाराच्या आसपास भागेल. आणि महिन्यानंतर काहीच खटकलं नाही, तर काहीच घेऊ नकोस. हे उत्तर तुला आवडणार नाही, पण शक्यता त्याचीच जास्त.

बॉडी, म्हणजे खुद्द कॅमेरा, बदलायचा विचारही पत्राच्या समासात दिसला. तो राहू दे समासातच.

आता त्या वाक्याकडे येते. प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचा फोटोग्राफर होता. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला. पुढे एका हाताने तो मोठाले, जड लाकडी कॅमेरे वागवायचा. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरचं बाष्प, पावसाचे ओघळ, बाहेरचं वाकडं झाड, चौकटीवर ठेवलेला पेला. तुझ्याकडे तर अख्खं शहर आहे आणि दोन्ही हात.

माझं म्हणशील, तर माझ्याकडे एक निळं शटर आहे. दुकानाचं, कॅमेऱ्याचं नव्हे. ऑफिसला जाताना मी एका अरुंद रस्त्यावरून जाते. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे सकाळी तिथे ऊन पोहोचतच नाही. पण समोरच्या चौकात एक काचेची इमारत आहे. सूर्य एका ठरावीक कोनात आला की तिच्या काचांवरून उडालेलं ऊन त्या रस्त्यात येऊन पडतं, आणि बरोबर एका बंद शटरवर त्याचा चौकोनी तुकडा उमटतो. कडा थोड्या थरथरत्या, कारण काचा काही अगदी सपाट नसतात. पाण्याच्या तळाशी पडतं तसं ऊन. दहा-अकरा मिनिटांत तो तुकडा शटरवरून सरकत भिंतीवर जातो आणि तिथे विरतो.

हे उडालेलं ऊन थेट उन्हापेक्षा बरंच मंद असतं, दोन ते तीन स्टॉपने तरी. मी आयएसओ ४००, एफ/५.६ आणि १/५०० सेकंद शटर अशी सुरुवात करते आणि लगेच हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-उजळ किती आहे त्याचा आलेख, बघते. कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो सगळ्या काळोख्या रस्त्याची सरासरी काढेल, रस्ता राखाडी करेल आणि उन्हाचा तुकडा जाळून पांढरा करेल. म्हणून उजळ भाग सांभाळायचा आणि बाकीचा रस्ता बिनधास्त काळा होऊ द्यायचा. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढलं असशील तर सावलीतलं बरंच काही नंतर वर आणता येतं. जळून पूर्ण पांढरं झालेलं मात्र परत येत नाही, तिथे माहितीच उरलेली नसते. मग त्या तुकड्यातून कोण जातंय याची वाट बघायची. शाळेची बॅग, छत्री, सायकलचं चाक, कुणाचा तरी अर्धा चेहरा. मी शंभरएक सकाळी तिथे थांबले असेन. दाखवावेत असे फोटो सहा. त्यातला एक खरोखर चांगला, आणि त्यात माणूसच नाही, नुसता हात आहे.

तू म्हणशील, एवढा वेळ कुणाला आहे? मलाही नाही. दिवसभर मी हिशेब तपासते. म्हणूनच तर जायच्या-यायच्या वाटेवरचं बघते. मुद्दाम फोटो काढायला निघाले की माझे फोटो प्रयत्नपूर्वक काढल्यासारखे दिसतात.

कॅमेऱ्याची रस्त्यावरची मांडणी एकदाच नीट ठरवून टाक. चालती माणसं असतील तर शटर स्पीड १/२५० च्या खाली उतरू द्यायचा नाही. ऑटो आयएसओमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांत किमान वेग बांधून घेता येतो, तो बांध. अंधार पडल्यावर मात्र याला मुरड घालावी लागते. दुकानांचे दिवे, पाट्या आणि काही एलईडी विजेच्या लहरींबरोबर लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात, किंवा एक फोटो पिवळट आणि पुढचा काळपट येतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो. तेव्हा १/१०० किंवा १/५० वर ये, पट्टे बहुतेक वेळा जातात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० आणि १/६०. माणसं थोडी हलतील. हलू देत, रात्रीचा रस्ता हलतच असतो.

कधी चिकटपट्टी काढून १८ वर काम करशील तेव्हा एक गंमत करून बघ. एफ/८ ठेव, दोन मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस कर आणि मग फोकस मॅन्युअलवर टाक. आता साधारण एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट असेल. कॅमेरा फोकस शोधत बसणार नाही, क्षण निसटणार नाही. फक्त काही लेन्स कॅमेरा बंद केला की ही जागा विसरतात आणि पुन्हा कुठेतरी जाऊन बसतात. तुझी विसरते का ते घरीच तपास. हा शोध मला भर गर्दीत लागला होता.

माणसांबद्दल फार नियम सांगत नाही. कायदा ठिकाणाप्रमाणे बदलतो, तो माहीत करून घे. सुरक्षेच्या जागांवरच्या पाट्या वाच. माझं एवढंच, की कुणी नजरेने जरी ‘नको’ म्हटलं तरी कॅमेरा खाली. कुणी विचारलं तर स्क्रीन दाखवायची, आणि काढून टाक म्हटलं तर त्याच्यासमोरच काढून टाकायचा. अनोळखी लहान मुलांचे चेहरे मी काढत नाही. झोपलेल्या, रडणाऱ्या, मदत मागणाऱ्या माणसाचे तर नाहीच. त्याला ‘नको’ म्हणायची संधीच नसते. एकदा एका बाईंनी मला विचारलं होतं, “माझ्यात काय पाहिलंत?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून बटण दाबायच्या आधी, निदान मनात तरी, ते उत्तर तयार असतं का ते बघते. लपूनछपून काढू नकोस. कॅमेरा छातीशी उघडा दिसत असला की लोक दोन मिनिटांत तुला विसरतात. बॅगेतून हळूच काढलास की सगळे बघतात. आणि एकटी असशील तेव्हा अंगात अस्वस्थ वाटलं, कारण सांगता आलं नाही तरी, तिथून निघायचं. फोटोसाठी थांबायचं नाही.

सामानाच्या बाबतीत माझ्या चुका ऐक, म्हणजे तुझ्या तरी वेगळ्या होतील. रात्री आयएसओ ६४०० ठेवून झोपले आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात अख्खी सकाळ त्यावरच काढली. आता कॅमेरा बॅगेत ठेवण्याआधी सगळं मूळपदावर आणते, झोपण्याआधी दाराची कडी बघावी तसं. दुसरी चूक महागात पडली. एक जुनी, आवडती लेन्स चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवली होती, जपून. पावसाळा संपल्यावर उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. ती नुसती वर बसत नाही, काचेवरचा लेपही खाते. चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि अंधार बुरशीला मानवतो, म्हणजे मी तिच्यासाठी घरच बांधून दिलं होतं. तेव्हा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की निश्चिंत. याहून मोठा उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणं.

थंड एसीच्या खोलीतून दमट हवेत बाहेर पडताना काचेवर धुकं धरतं. कॅमेरा बॅगेतच वीसएक मिनिटं राहू दे आणि तोवर लेन्स बदलू नकोस. धूळ आधी ब्लोअरने उडव, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ओढणीचं टोक कधीच नाही. रोजच्या बॅगेत एक बॉडी, एक लेन्स, एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड, ब्लोअर आणि पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. माझा ट्रायपॉड गेली चार वर्षं दाराआड उभा आहे, त्यावर आम्ही टोप्या अडकवतो.

फोटो मात्र तीन ठिकाणी ठेव, त्यातलं एक घराबाहेर. माझी एक डिस्क अचानक बंद पडली आणि दोन वर्षं गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

निवडताना घाई नको. काढलेल्या दिवशी फोटो बघताना आपल्याला फोटो दिसत नाही, ती सकाळ दिसते. आपण किती वाट पाहिली ते दिसतं. मी दोन-तीन आठवडे जाऊ देते. याचं टोक म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या मागे सुमारे २,५०० रोल काढून तसेच, न धुतलेले पडले होते. तेवढं नको.

आणि हो, त्या निळ्या शटरचं एक राहिलं. पहिल्या वर्षी तो तुकडा ऑक्टोबरच्या विशीत, सकाळी ८:१० ला, अगदी मधोमध यायचा. डिसेंबरात तो तिथे येईनासा झाला. सूर्य दक्षिणेला गेलाय, परत येताना फेब्रुवारीच्या विशीत पुन्हा त्याच वाटेवर असेल, असा हिशेब मी केला. बरोबरच होता तो. फेब्रुवारीत ८:१० ला जाऊन उभी राहिले. काही नाही. तीन दिवस गेले. मधे कुणी काहीतरी बांधलं असणार, असं म्हणून नाद सोडला. चौथ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, धावतपळत तिथे आले तर ८:४० ला तुकडा शटरच्या मधोमध. नंतर वाचून कळलं, की सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. ऑक्टोबर-अखेरीस तो घड्याळाच्या पंधराएक मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीत जवळपास तेवढाच मागे. म्हणजे वाट तीच, पण अर्ध्या तासाचा फरक.

त्या दिवशी कॅमेरा घरी राहिला होता. उशीर झाला होता ना.

तुझ्या जिन्यातली ती सावली किती वाजता पडते, ते लिहून ठेव. तारखेसकट.

तुझी,
मावशी