बोया पायाखाली दबला पाहिजे
वाचकांचे प्रश्न : पाण्यावरचे खेळ

वॉटर स्कीइंगच्या स्लॅलम कोर्सवर बसवायच्या बोयांबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांबद्दल, बरीच पत्रं आली आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कोर्स २५९ मीटर लांब असतो. दोन्ही टोकांना दोन-दोन बोयांचं, अडीच मीटर रुंदीचं गेट, मध्ये बोटीला वाट दाखवणाऱ्या बोयांच्या सहा जोड्या, आणि मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे वळणाचे सहा बोये. एकूण २२. बोट सरळ जाते आणि तिच्या मागे दोरी धरून एका स्कीवर उभा असलेला माणूस गेटमधून शिरून सहाही बोयांना बाहेरून वळसा घालतो. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर असतो, म्हणजे अख्खा कोर्स सोळा सेकंदांत संपतो.

आमच्या तळ्यावर एकांकडून जुना कोर्स विकत घेतला. बोये चांगले टणक आहेत, अजून काही वर्षं सहज जातील. पण मागच्या आठवड्यात मुलीची स्की चौथ्या बोयावर चढली आणि तिचा घोटा मुरगळला. चांगले बोये टाकून द्यायचे का? (डॅलस, टेक्सास)

टाकून द्या. ज्याला तुम्ही बोयाचा चांगुलपणा म्हणताय तोच त्याचा दोष आहे. टणक चेंडूवर चालत्या माणसाचा पाय पडला तर चेंडू फिरतो आणि पाय निसटतो. इथे तो पाय बुटात घट्ट बसवलेला असतो आणि शरीर आतल्या बाजूला झुकलेलं असतं. स्कीचं टोक बोयावर चढतं, पुढचा भाग उचलला जातो, फिन, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाखालचं पातं, पाण्याबाहेर येते. फिन बाहेर आली की स्कीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. ती बाजूला सटकते, अंग मात्र आधीच्याच दिशेने जात राहतं, आणि मधल्या मध्ये पिळला जातो तो घोटा किंवा गुडघा.

सुरक्षित बोया स्कीखाली चपटा होतो आणि खाली जातो. दोन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला जाड प्लास्टिकचा, कडक फुगवलेला गोळा. बंदरात बोट बांधायला ठीक, कोर्सवर नको. दुसरा पातळ, लवचिक व्हिनाइलचा, कमी हवेवर चालणारा. तिसरा खालून उघडा, उलट्या वाटीसारखा, ज्यात हवा नुसती अडकून राहते. त्यावर स्की चढली तर हवेला खालून निघून जायला वाट असते, त्यामुळे पायाला धक्का सर्वांत कमी. त्याची कटकट एवढीच की हवा गेली की कोणाला तरी जाऊन ती पुन्हा भरावी लागते. घरात शिकणारी मुलं असतील तर ही कटकट सोसावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आकारही बघा. स्पर्धेत २२ ते २८ सेंटिमीटर व्यासाचे बोये चालतात. फरक किरकोळ वाटतो, पण घनफळ काढून बघा. २३ सेंटिमीटरच्या गोळ्यात सुमारे ६.४ लिटर हवा मावते, २८ सेंटिमीटरच्या गोळ्यात साडेअकरा. दोन्ही अर्धे बुडालेले असतील तर लहान बोया पुरता खाली ढकलायला साधारण सव्वातीन किलोचा जोर लागतो, मोठ्याला पावणेसहा. म्हणजे पाच सेंटिमीटरसाठी विरोध जवळजवळ दुप्पट होतो. सरावाला लहानच घ्या. लांबून दिसत नाही अशी तक्रार असेल तर रंग भडक घ्या, आकार वाढवू नका.

नवीन मऊ बोये आणले, पण दुपारी तेही दगडासारखे लागतात. हवा नेमकी किती भरायची? (टॅम्पा, फ्लोरिडा)

पंपाचा काटा इथे उपयोगाचा नाही, दाब इतका कमी असतो. बोया दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी दाबा. दोन-तीन सेंटिमीटरचा खळगा सहज पडला पाहिजे आणि अंगठे काढल्यावर हळूच भरून आला पाहिजे. बोटाने टिचकी मारल्यावर टणत्कार आला तर हवा जास्त झाली.

दुपारच्या कडकपणाचं कारण बहुतेक हे असावं की तुम्ही सकाळच्या गारव्यात हवा भरता आणि बोये बोटीच्या तळाशी उन्हात पडून राहतात. १० अंशांची हवा ४० अंशांपर्यंत तापली की तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढायला बघतो. मोटारीच्या टायरला ते फारसं जाणवत नाही. पण या बोयात बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम थोडा जास्त दाब असतो, म्हणून मऊ बोया एकदम कडक होतो. शिवणीही अशाच उसवतात. बोये पाण्यात बसवून पंधरा मिनिटांनी पुन्हा दाबून बघा आणि तेव्हाच्या अंदाजाने हवा सोडा. झडप नेहमी पाण्याखाली येईल अशी ठेवा, वर आलेली झडप पोटरी सोलून काढते. साच्यातून आलेली जोडाची धारही हाताने चाचपा आणि खरखरीत लागली तर घासून टाका.

बोया मऊ घेतला, पण तो बांधायचा कसा? आमच्याकडे थेट नायलॉनची दोरी आहे. पाऊस झाला की बोये बुडतात आणि उन्हाळ्यात इकडेतिकडे हिंडतात. (ब्रॅम्प्टन, ओंटारिओ)

या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही हाच मानतो. उत्तम बोया ताठ दोरीला बांधला तर खालून कोणी घट्ट धरून ठेवल्यासारखा वागतो, आणि सैल दोरीला बांधला तर तो बोया राहतच नाही, पाण्यावर सोडलेला चेंडू होतो.

हिशेब असा. अर्धा बुडालेला २३ सेंटिमीटरचा बोया न ताणणाऱ्या दोरीला असेल तर पाणी बारा सेंटिमीटर चढलं की तो पुरता बुडाला. स्कीअरला तो दिसत नाही, फिनला मात्र सापडतो. उलट पाणी उतरून दोरी पंधरा सेंटिमीटर सैल पडली, आणि नांगर चार मीटर खोल असला, तर बोया वाऱ्याबरोबर एका मीटरहून जास्त सरकू शकतो. अडीच मीटरच्या गेटचा एक खांब मीटरभर हलला तर त्याला गेट कसं म्हणायचं?

म्हणून दोरीचे तीन भाग करा. तळाच्या नांगरापासून न ताणणारी दोरी वर आणा आणि पृष्ठभागाखाली साधारण दीड मीटरवर तिला एक तरंगता गोळा बांधा. हा गोळा कायम पाण्याखाली राहतो आणि खालची दोरी उभी ताठ धरतो. तो चांगल्या जोराने वर ओढणारा हवा, म्हणजे वरचा ताण कमी झाला तरी खालची दोरी सैल पडत नाही. त्या गोळ्यापासून वर रबरी नळी. सर्जिकल म्हणतात ती लॅटेक्सची नळी चांगली. न ताणता साठ सेंटिमीटर घेतली तर बोया जागेवर असताना ती नव्वदच्या आसपास ताणलेली असावी, उरलेलं अंतर दोरीने भरा. ताण मोजायचा असेल तर बाजारातला साधा स्प्रिंगचा काटा बोयाच्या जागी अडकवून वर ओढा. पाण्याच्या पातळीवर तीन किलोच्या आसपास दाखवला की २३ सेंटिमीटरचा बोया अर्धा बुडेल. पाच किलो दाखवत असेल तर नळी आखूड आहे.

तिसरा भाग हातभर सुद्धा नसतो, पण बरेच लोक तोच गाळतात. नळीचं वरचं टोक आणि बोया यांच्यामध्ये बारीक दोरीचा एकच वेढा द्या, दोन्ही हातांनी झटका दिला तर तुटेल इतपत कच्चा. फिन ॲल्युमिनियमची असते. ती दोरीत अडकली तर काहीतरी तुटणारच, ते माणसाचं हाड नको. हा वेढा बोयाच्या बाजूला ठेवायचं कारण असं की तो तुटल्यावर ताणलेली नळी खाली उडते. वेढा नळीच्या खालच्या टोकाला दिला तर बोया आणि नळी दोन्ही वर, स्कीअरच्या अंगावर येतात. वेढ्याच्या जागी प्लास्टिकचे केबल टाय वापरू नका, त्यांचं कापलेलं शेपूट पायाला चिरतं. आणि कडी, हुक, साखळी असं धातूचं जे काही असेल ते त्या दीड मीटरवरच्या गोळ्यापाशी ठेवा. पृष्ठभागापासून मीटरभर खोलीपर्यंत रबर, दोरी आणि बोया याखेरीज काही नको.

एकदम २२ बोये बदलायला पैसे नाहीत. आधी कुठले बदलू? (मेलबर्न)

आधी गेटचे चार, मग वळणाचे सहा, शेवटी बोटीच्या वाटेचे बारा.

बहुतेकांना वळणाचे बोये सर्वांत धोक्याचे वाटतात. तिथे आदळणं जास्त वेळा होतं हे खरं, पण वळणावर वेग कमी झालेला असतो. गेटमधून जाताना स्कीअर डावीकडून उजवीकडे, पूर्ण झुकून, दोरीवर पूर्ण ताण घेऊन आणि बोटीपेक्षा जास्त वेगात असतो, आणि पहिला बोया नीट मिळावा म्हणून उजव्या बोयाला मुद्दाम चिकटून जातो. चुकला तर तोच बोया लागतो. कोर्स दोन्ही दिशांनी वापरला जातो, त्यामुळे चारही बोये कधी ना कधी उजवे ठरतात.

बोटीच्या वाटेचे बोये मात्र बोटच जास्त ठोकते, कारण जोडीतलं अंतर जेमतेम सव्वादोन मीटर असतं. तिथे बोया जुना चालेल, सैल दोरी चालणार नाही. ती सरळ पंख्यात जाते.

पुण्याजवळच्या धरणाच्या फुगवट्यात मित्रांनी मिळून कोर्स टाकायचा विचार आहे. कोकणातून मासेमारीच्या जाळ्याचे बोये स्वस्तात मिळतात. ते चालतील का? (पुणे)

नाही. जाळ्याचे बोये खोल पाण्याचा दाब सोसायला केलेले असतात, ते पायाखाली दबणं शक्यच नाही. तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि फुटबॉलही नकोत. बाटलीचं बूच आणि डब्याची कड म्हणजे आपण होऊन पाण्यात पेरलेली हत्यारं. थर्माकोल दबतो असं वाटतं, पण तो फुटतो आणि त्याचे मणी काठाला लागून वर्षानुवर्षं राहतात. लवचिक व्हिनाइलचे बोये मागवावे लागतील. तेवढा खर्च झेपत नसेल तर पूर्ण कोर्स टाकू नका. दोन्ही गेट आणि दोन-तीन वळणाचे बोये यांवर पहिला हंगाम उत्तम सराव होतो.

तुमची खरी अडचण पाण्याच्या पातळीची आहे. पावसाळ्यानंतर भरलेलं धरण मेपर्यंत कित्येक मीटर उतरतं. वर सांगितलेली रबरी नळी तीस-चाळीस सेंटिमीटरचा फरक सांभाळते, मीटरचा नाही. तुम्हाला तळाच्या दोरीवर दर मीटरला पक्की गाठ आणि कडी ठेवावी लागेल, आणि पाणी जसं उतरेल तसा पाण्याखालचा गोळा एकेक कडी खाली आणावा लागेल. आठवड्यातून एकदा पातळी बघायचा नेम ठेवा. फुगवट्यात बुडालेली झाडं आणि जुने बांधही असतात, म्हणून जागा उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना, पायी फिरून निवडा. आणि जलाशय ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एकही नांगर टाकू नका. त्या पाण्यात मासेमारांच्या होड्या असतात, त्यांच्याशी आधी बोला. त्यांची जाळी तुमच्या दोऱ्यांत अडकली तर नुकसान त्यांचं होतं.

हिवाळ्यात काय करावं? (मिनिआपोलिस, मिनेसोटा)

गोठण्याआधी सगळे बोये आणि नळ्या काढा आणि पाण्याखालचे गोळे बर्फाच्या थराच्या बरेच खाली, शक्यतो तळापर्यंत उतरवा. वर राहिलेला गोळा बर्फात पकडला गेला की वसंतात बर्फ सरकताना नांगरासकट ओढत नेतो. नळ्या दरवर्षी नवीन घ्या. जुनी नळी दुप्पट ताणून उजेडात धरा, बारीक भेगा दिसल्या की ती संपली. थंड पाण्यात व्हिनाइल कडक होतं, म्हणून मे महिन्यात हवा जुलैपेक्षा थोडी कमी ठेवा. तुमच्या राज्यात स्लॅलमच्या बोयांना काउंटीच्या शेरीफची परवानगी लागते, ती हंगामाआधी बघून घ्या. १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएलसन ज्या लेक पेपिनवर पहिल्यांदा पाण्यावर स्कीवर उभा राहिला, ते तळं तुमच्यापासून फार लांब नाही. एकदा जाऊन या.

बोया तुटला तर दुरुस्तीला पाण्यात कोणी उतरायचं? मुलगा चालत्या बोटीवरून वाकून बांधतो. (ह्यूस्टन, टेक्सास)

तसं करू देऊ नका. नुसतं न्यूट्रलवर ठेवणं पुरेसं नाही, इंजिन पूर्ण बंद करून किल्ली काढा, मग माणूस पाण्यात जाईल. त्याच्या अंगात जॅकेट आणि कमरेला म्यानातली सुरी हवी, कारण ताणलेली नळी मनगटाभोवती बसली तर सोडवायला दुसरा उपाय नाही. बोटीत एक जण फक्त त्याच्यावर लक्ष ठेवेल. चालू इंजिनच्या मागे, बोटीच्या मागच्या फळीजवळ थांबून काम करणं आणखी एका कारणाने वाईट : तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वास येत नाही. एका पिशवीत तयार वेढे बांधलेले चार बोये आणि दोन नळ्या कायम ठेवा, म्हणजे पाण्यातलं काम दोन मिनिटांत आटोपतं.