केबिन बॅगेतून स्कूबाचे साहित्य

प्रश्न : तारकर्लीला प्रशिक्षण घेतल्यानंतर आम्ही पतिपत्नी पुण्याहून चेन्नईमार्गे अंदमानला डायव्हिंगसाठी जात आहोत. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरण), बीसीडी (पाण्यात वर-खाली होणे सांभाळणारे, हवा भरायचे जाकीट), मास्क, फिन्स (पोहण्यासाठी पायांत घालायचे पंख), डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारे यंत्र), टॉर्च आणि लहान चाकू असे साहित्य आम्ही विकत घेतले आहे. चेक-इन सामान गहाळ होण्याची धास्ती वाटते. हे सगळे केबिन बॅगेतून नेता येईल का? सिलिंडरही न्यावे का?

उत्तर : सगळे नेता येणार नाही. देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोची एकच केबिन बॅग नेता येते, आणि बहुतेक फिन्स त्या बॅगेत मावतही नाहीत. म्हणून सामान उशिरा पोहोचले, तर कोणत्या वस्तूवाचून आपले अडेल, हे आधी ठरवावे. माझ्या मते रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर आणि मास्क या तीन वस्तू कोणत्याही परिस्थितीत हातातच असाव्यात. रेग्युलेटरवर आपला श्वास अवलंबून असतो आणि मास्क चेहऱ्याला नेमका बसावा लागतो. विशेषतः मास्कला चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेल्या असतील, तर तसा मास्क तिथे भाड्याने मिळेलच असे नाही. बीसीडी, फिन्स आणि वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा डायव्हिंगचा पोशाख) मात्र डाइव्ह सेंटरवर सहज मिळतात, त्यामुळे ते निर्धास्तपणे चेक-इन करावेत. बीसीडीतली हवा तेवढी पूर्ण काढून टाकावी.

चाकू केबिनमध्ये चालत नाही, मग तो कितीही लहान किंवा बोथट टोकाचा असो. नट-बोल्टचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरही त्याच्यासोबत चेक-इन बॅगेत टाकावेत.

टॉर्चच्या बाबतीत बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण इथे नियम नेमका उलटा आहे: लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवण्यास मनाई आहे, त्या हातातच न्याव्या लागतात. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत मोजतात. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की ती मिळते. आपल्या टॉर्चमध्ये ३.६ व्होल्ट आणि ५००० मिलिअँपिअर-तासांचा सेल असेल, तर तो १८ वॉट-तासांचा झाला, आणि १०० वॉट-तासांपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज नसते. मात्र पाण्याखालचे प्रखर दिवे पाण्याबाहेर असताना चुकून सुरू राहिले, तर इतके तापतात की आग लागू शकते; म्हणून सेल बाहेर काढून त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, तो स्वतंत्र डबीत ठेवावा, आणि अशा दिव्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी.

सुरक्षा तपासणीत एक्स-रेच्या पडद्यावर रेग्युलेटर म्हणजे धातूचा गोळा आणि त्याला गुंडाळलेल्या नळ्या असा दिसतो, त्यामुळे बॅग उघडायला सांगितली तर त्यात वावगे काही नाही. रेग्युलेटर स्वतंत्र पिशवीत सर्वांत वर ठेवावा आणि हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण आहे, असे स्पष्ट सांगावे.

सिलिंडर नेऊच नये. नेहमीच्या वापरातले ॲल्युमिनियमचे सिलिंडर रिकामे असतानाही सुमारे १४ किलो भरते, शिवाय ते पूर्ण रिकामे आहे हे दाखवण्यासाठी त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा लागतो किंवा काढावा लागतो. सिलिंडर आणि शिशाची वजने डाइव्ह सेंटरच देते.

प्रश्न : परतीचे विमान सकाळी ९ वाजता आहे. आदल्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत डायव्हिंग केले तर चालेल का?

उत्तर : हे अंतर बरोबर १८ तासांचे होते. अनेक दिवस किंवा दिवसातून अनेकदा डायव्हिंग केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान तेवढा वेळ जाऊ द्यावा, अशी शिफारस आहे. पण किमान मर्यादेला खेटून बेत आखू नये, पूर्ण २४ तास ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू शकतो, आणि शरीरात विरघळून राहिलेला नायट्रोजन त्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून डीकम्प्रेशनचा आजार होऊ शकतो.

त्या मोकळ्या दिवसात साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, कारण ओला वेटसूट बॅगेचे वजन बरेच वाढवतो. रेग्युलेटर धुताना त्याचे धूळटोपण घट्ट लावलेले असावे आणि पर्ज बटण (हवा सोडण्याचे बटण) दाबू नये. ते दाबल्यास पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागापर्यंत शिरते.