अभ्यास मुलीचा, मग निष्कर्ष तुमचा कसा?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. आमचा सेंद्रिय शेतीचा २० हेक्टरचा गट आहे. मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ७.२. उपग्रहाची चित्रं आणि जीआयएस (माहिती नकाशावर मांडून तपासण्याची संगणकीय पद्धत) वापरून सेंद्रिय शेतीचा पर्यावरणावरचा परिणाम अभ्यासायचा, असं तिच्या मनात आहे. माझी अट एवढीच, की प्रबंध आमच्याच गटावर करावा आणि सेंद्रियचा फायदा सिद्ध करून द्यावा, म्हणजे मालाला भाव मिळेल. उपग्रहातून आमची शेतं शुद्ध सेंद्रिय आहेत हे दिसेलच. ते जमत नसेल तर एमपीएससी द्यावी. एवढ्या गुणांवर एमएस्सीला पुण्यात प्रवेश मिळेल का, नाहीतर कुठे?

उत्तर : नमस्कार. गुणांची चिंता सोडा. मला चिंता वाटते ती तुमच्या अटीची.

मुलीला शिकायला पाठवताना तुम्ही उत्तर घरूनच बांधून देताय. समजा, दोन वर्षं राबल्यावर तिला दिसलं की गटाच्या आसपासच्या विहिरींमधलं नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्रातून पाण्यात उतरणारा क्षार, कमी झालेलंच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि काही विहिरी त्याच्या वरच आहेत. हे ती कुणाला सांगणार? ज्या काकांच्या अंगाखांद्यावर ती वाढली, त्यांच्यासमोर गटाच्या बैठकीत उभी राहून? मग एकतर ती गप्प बसेल, नाहीतर नको असलेल्या विहिरी यादीतून गाळेल. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर ही वेळ आणू नका.

तुमची तळमळ मला समजते. शेणखत, जीवामृत, दशपर्णी अर्क असं सगळं करायचं आणि माल मात्र बाकीच्यांच्याच भावात विकायचा, हे जिवाला लागतं. पण भाव मिळतो तो प्रमाणपत्रावर आणि खात्रीच्या खरेदीदारावर. प्रबंध पाहून कुणी क्विंटलमागे रुपयाही वाढवून देत नाही. ती लढाई गटाची आहे, ती मुलीच्या पदवीवर लादू नका.

आता तुमच्या पत्रातला एक मोठा गैरसमज. तुम्ही लिहिता, ‘उपग्रहातून आमची शेतं शुद्ध सेंद्रिय आहेत हे दिसेलच.’ नाही दिसणार. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या तुकड्यांत. त्यांत दिसतो तो पिकावरून आणि मातीवरून परतलेला प्रकाश. त्यावरून पीक किती हिरवं, किती दाट, एवढं कळतं. ते युरियावर वाढलं की गांडूळ खतावर, हे कळत नाही. कपाशी पिवळी पडली तर नत्र कमी पडलं असेल, पाणी साचलं असेल किंवा खाली बरड जमीन असेल. म्हणून खरा अभ्यास शेतात उतरूनच होतो : मातीतला सेंद्रिय कर्ब, विहिरीचं पाणी, कोणत्या वर्षी काय टाकलं याची नोंद. हे सगळं जमिनीचा प्रकार, उतार, पाऊस आणि नाल्यापासूनचं अंतर यांच्यासोबत नकाशावर मांडायचं, मग त्यांचा एकमेकांशी संबंध तपासणारं गणिती मॉडेल. त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच असतो. सेंद्रियकडे वळलेली शेतं आधीपासूनच हलक्या, कोरडवाहू जमिनीची असतील, तर दिसलेला फरक पद्धतीचा की जमिनीचा? तो वेगळा काढायला सारख्या माती-उताराची, रासायनिक पद्धतीची शेतंही तितक्याच काळजीने मोजावी लागतात. शिवाय परिणाम धुऱ्यावर थांबत नाही. शेजारची फवारणी वाऱ्याने तुमच्याकडे येते, खतातलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं. तुमचे २० हेक्टर सलग आहेत की गावभर विखुरलेले, यावरही उत्तर बदलू शकतं. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या मुलीला सुचलाय याचा आनंद माना.

आणखी एक कटू गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. जगभरचे प्रयोग एकत्र मांडणाऱ्या २०१२ आणि २०१५ मधल्या दोन मोठ्या अभ्यासांत सेंद्रिय पिकांचं उत्पादन सरासरी १९ ते २५ टक्के कमी आढळलं, पिकागणिक हा आकडा बदलतो. म्हणजे हेक्टरमागे प्रदूषण कमी निघालं, तरी क्विंटलमागचा हिशेब वेगळा निघू शकतो. प्रामाणिक विद्यार्थिनी दोन्ही हिशेब मांडेल. तिला मांडू द्या.

प्रवेशाचं थोडक्यात : मृदाशास्त्रात एमएस्सी किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स (जीआयएस आणि उपग्रहचित्रांचाच अभ्यासक्रम), दोन्ही वाटा खुल्या आहेत, मी मृदाशास्त्र आधी म्हणेन. पुण्याचा हट्ट नको. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, दोन्ही तुमच्या जवळच्या नागपुरात आहेत. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर मोफत आहे, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही मोफत असतात. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लासला पैसे भरू नका. एमपीएससी तिला स्वतःला हवी असेल तरच. धाक म्हणून तर मुळीच नको.

प्रबंधासाठी तिला दुसरा तालुका निवडू द्या. तुमच्या गटाच्या खत-फवारणीच्या जुन्या वह्या मात्र जपा. तिच्याच नव्हे, कुठल्याही संशोधकाच्या कामाच्या आहेत. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. संख्याशास्त्रात किती गुण आहेत, प्रोग्रामिंग कधी केलंय का आणि तिला नक्की काय शोधायचंय, हे मला तिच्याकडून हवंय.