खानापुरात पावसाळ्यात एअर रायफलच्या स्कोपला (नेम धरायच्या दुर्बिणीला) बुरशी येते, कपाटात कसा ठेवू?

कपाटात ठेवूच नका, रेक्झिनच्या कव्हरमध्ये तर मुळीच नको. रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे निळे दाणे, घालून ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस सुरू झाला की घरातली हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते, आणि हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकली की काचेवर बुरशी धरते. कव्हरचं अस्तर ओल शोषून तीच परत काचेला देतं. बेळगावात क्लबच्या रायफली मी बघतो, तिथंही हाच उपाय. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजा. जुन्या कढईत मंद आचेवर परतले की परत निळे होतात. पण रंगात कोबाल्ट असतं, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. काच पुसताना आधी हवा मारायच्या रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सचं द्रव लावलेलं मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकानं पुसाल तर कोटिंगवर बारीक रेघोट्या उठतात, त्या जात नाहीत.

मात्र बुरशी किंवा धुकं काचेच्या आतल्या बाजूला दिसत असेल तर सील गेलंय. स्कोप घरी उघडू नका, धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन घरी परत भरता येत नाही. आणि १० मीटर स्पर्धेसाठी तयारी असेल तर दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी थांबा: तिथं स्कोप चालत नाही, बहुतेक जण भोकातून नेम धरायची पीप साइट वापरतात.