एकाच बेस ॲम्पवर बेस गिटार आणि गाणे

घरच्या तालमीसाठी तुमच्याकडे १२ इंची स्पीकरचा, १०० वॉटचा एकच बेस ॲम्प आहे, ताल कॅहॉनवर (बसून हाताने वाजवायच्या लाकडी पेटीवर) धरला जातो, आणि त्याच ॲम्पच्या दुसऱ्या जॅकमध्ये गायिकेचा माइक लावला तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. तालमीपुरता एक ॲम्प दोघांना पुरेल. मात्र माइक थेट त्या जॅकमध्ये लावू नका. मध्ये एक छोटा मिक्सर घ्या आणि सगळी जुळवणी बेसच्या नव्हे, गळ्याच्या सोयीने करा.

१९५० च्या दशकातील फेंडर डिलक्ससारख्या ॲम्पवर ‘माइक’ असे लिहिलेले इनपुट असत, त्यामुळे तुमची कल्पना निराधार नाही. आजच्या बेस ॲम्पवरचे दोन जॅक मात्र बहुधा पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) आणि ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) अशा दोन प्रकारच्या गिटारींसाठी असतात आणि पुढे एकाच प्रीॲम्पमध्ये, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात, जातात. साध्या डायनॅमिक माइकचा सिग्नल जेमतेम एकदोन मिलिव्होल्टचा, बेसच्या पिकअपचा (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाचा) त्याच्या कित्येक पट. त्यामुळे माइकसाठी गेन (सिग्नल किती वाढवायचा याचे बटण) चढवला की बेस फाटतो आणि बेससाठी उतरवला की गाणे ऐकू येत नाही. वाय केबलने, म्हणजे दोन टोके एकात आणणाऱ्या केबलने, दोन्ही एकत्र जोडणे त्याहून वाईट, कारण माइकच्या कमी इम्पिडन्समुळे (विद्युत अवरोधामुळे) पिकअपचा आवाज मरतो, आणि पॅसिव्ह बेसचा व्हॉल्यूम कोणी शून्यावर नेला की माइकही मुका होतो.

मिक्सर चार चॅनेलचा असला तरी पुरेसा आहे. माइक एक्सएलआर केबलने लावा, बेस ‘हाय-झी’ खूण असलेल्या इनपुटमध्ये द्या, आणि तसे इनपुट नसेल तर बेससाठी एक डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल माइकच्या इनपुटजोगा करणारी छोटी पेटी) घ्या. मिक्सरचे डावे आउटपुट ॲम्पच्या इफेक्ट रिटर्नमध्ये किंवा ऑक्स इनमध्ये न्यावे, म्हणजे बेससाठी घडवलेला प्रीॲम्प वाटेत येत नाही; ही सोय नसेल तर पुढच्या इनपुटमध्ये, पण गेन कमी, टोनची बटणे मध्यावर आणि ड्राइव्ह व कॉम्प्रेसर बंद ठेवून. आउटपुट एकच वापरत असल्यामुळे दोन्ही चॅनेलचे पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे जाणार हे ठरवणारी बटणे) सारखे, डावीकडे किंवा मध्यावर, ठेवण्यास विसरू नका. एखादा पॅन उजवीकडे राहिला की बिघाड शोधण्यात अर्धी तालीम जाते. डायनॅमिक माइकला फँटम पॉवरची (मिक्सरने माइकला पुरवलेल्या विजेची) गरज नसते, तेव्हा ते बटण बंदच ठेवा.

खरी अडचण स्पीकरची आहे. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि तेवढ्या खालच्या सुरासाठी स्पीकरच्या कोनला (पडद्याला) पुष्कळ मागेपुढे हलावे लागते. त्याच हलत्या कोनमधून गळ्याचा आवाजही बाहेर पडत असल्यामुळे तो बेसच्या प्रत्येक ठोक्यासरशी थरथरतो आणि फाटतो. हे पडताळण्याची पद्धत सोपी आहे: गायिकेला एक सूर लांबवर धरायला सांगा आणि बेसवादकाला जाड तार मोकळी वाजवू द्या. धरलेला सूर हलला, तर मिक्सरवर बेसच्या चॅनेलचा ‘लो’ उतरवत जा आणि तो स्थिर झाला की थांबा. माइकच्या चॅनेलवर लो-कट (खालचे सूर गाळणारे बटण) असेल तर तो लावूनच ठेवा. बेसवादकाला त्याचा आवाज कृश वाटेल, पण एका खोलीत तो भरण्यापुरता उरतो. शब्द मात्र एकदा बुडाले की वर येत नाहीत. तसेच ॲम्पला ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) नसेल तर ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे बोथट होणारच, आणि ट्रेबल कितीही चढवले तरी स्पीकरमध्ये जे नाही ते त्यातून निघणार नाही.

ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढून स्टुलावर ठेवा, म्हणजे घुमणे कमी होते. तो गायिकेच्या पाठीमागे नको, समोर हवा, आणि माइकची पाठ ॲम्पकडे असावी, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा) माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. त्यामुळे ॲम्पचा आवाज माइकमध्ये परत शिरून येणारी शिट्टी टळते आणि गायिकेला स्वतःचा सूरही मिळतो. माइकची जाळी मुठीत धरली तर हा फायदा निघून जातो, याची तिला आठवण द्या.

एका गोष्टीत तडजोड नको. मिक्सर आणि ॲम्प एकाच, चांगले अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावा, आणि गुणगुण येते म्हणून अर्थची पिन काढून टाकू नका. माइकची जाळी आणि बेसच्या तारा केबलच्या शील्डमार्गे (धातूच्या आवरणामार्गे) ॲम्पच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अर्थ नसताना आत बिघाड झाला, तर २३० व्होल्ट थेट गायिकेच्या ओठांपर्यंत पोहोचू शकतात.

ड्रम्स आले किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचे असेल, तर ही जुळवणी पुरणार नाही. तेव्हा मोठा बेस ॲम्प घेण्याचा मोह टाळा, आहे तो पूर्णपणे बेसला द्या आणि पैसे गायिकेसाठी १० किंवा १२ इंची पॉवर्ड (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरवर खर्च करा. मिक्सर तुमच्याकडे असेलच, तो त्या स्पीकरला तसाच जोडता येईल. बजेट त्याहून कमी असेल तर वापरलेला, ट्वीटर असलेला कीबोर्ड ॲम्प पाहा. त्यावर अनेकदा दोनतीन चॅनेल आणि माइकचे इनपुट असते. घेण्यापूर्वी गायिकेला सोबत नेऊन, तिच्याच माइकवर गाऊन पाहायला सांगा.