वाचकांचे प्रश्न : ‘जमणार नाही’ हे वरिष्ठांना कसे सांगावे?

प्रश्न : मी मूळचा खानापूर तालुक्यातील. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात काम केल्यानंतर आता जर्मनीत स्टुटगार्टजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीस आहे. ‘हे ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत होईल का?’ असे वरिष्ठांनी विचारले, तेव्हा काम अवघड आहे हे ठाऊक असूनही मी ‘प्रयत्न करतो’ एवढेच म्हणालो. काम राहिले आणि सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर ‘हे आधीच सांगायला हवे होते’ असे त्यांनी सुनावले. मी त्यांच्या मनातून उतरलो आहे का?
– एक वाचक

उत्तर : चारचौघांत चूक दाखवणे म्हणजे पाणउतारा करणे, असे आपल्याकडे मानले जात असल्यामुळे तुमचे मन दुखावणे स्वाभाविक आहे, परंतु एवढ्या प्रसंगावरून तुम्ही त्यांच्या मनातून उतरलात, असे मला मुळीच वाटत नाही. जर्मन कार्यालयांत कामातील त्रुटी सहसा स्पष्ट शब्दांत सांगितली जाते आणि ती सांगणारा माणूस दुपारी त्याच सहकाऱ्याशेजारी जेवायलाही बसतो.

उद्यमबागेत तुम्ही ‘करतो की’ म्हणालात, तरी उत्तर देण्यापूर्वी तुम्ही किती रेंगाळलात, यावरून सुपरवायझरला काय ते कळत असे आणि संध्याकाळी तो स्वतःच मशिनपाशी येऊन विचारत असे. काही समाजांत बराचसा अर्थ प्रसंगात आणि नात्यात असतो, तर काहींत तो उच्चारलेल्या शब्दांतच शोधला जातो, हा भेद अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये विस्ताराने मांडला आणि जर्मनांना दुसऱ्या गटात ठेवले. तुमच्या वरिष्ठांनी तुमचे शब्द ऐकले आणि काम होणार असे धरून पुढची आखणी केली.

म्हणून नकार द्यायचाच असेल, तर तो लवकर, कारणासह आणि नव्या तारखेसह द्यावा : ‘शुक्रवारी होणार नाही, पुरवठादाराकडून मापे गुरुवारी येतील, त्यानंतर दोन दिवस लागतील, तेव्हा मंगळवारी देतो.’ अडचण बुधवारी कळली, तर बुधवारीच कळवावे. शेवटच्या रात्री जागून काम उरकण्याचा आपला मार्ग तेथे गृहीत धरता येत नाही, कारण जर्मन कायद्यानुसार दिवसाचे काम साधारणपणे आठ तासांचे असते. ते दहा तासांपर्यंत नेता येते, परंतु सहा महिन्यांची सरासरी आठ तासांवरच राखावी लागते. तुमचे ड्रॉइंग अडले, की पुढच्या माणसाचे ठरलेले तास वाया जातात, आणि वरिष्ठांच्या नाराजीचे मूळ बहुधा तेथेच असावे.

त्यातून तुम्ही स्टुटगार्टच्या आसपासच्या, स्वाबियन म्हणवणाऱ्या मुलखात आहात. ‘रागावले नाहीत, म्हणजे पुरेसे कौतुक झाले’ अशा अर्थाची म्हण त्या भागात प्रसिद्ध आहे; त्यामुळे शाबासकी मिळाली नाही म्हणून खचू नये.

मात्र एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. स्पष्टपणा शिकताना काही जण नुसतेच फटकळ होतात. तेथील स्पष्टपणा कामाविषयी असतो, माणसाविषयी नव्हे; शिवाय वरिष्ठांना आदरार्थी संबोधनच वापरावे आणि एकेरीचा प्रस्ताव त्यांच्याकडून येऊ द्यावा. एकाच सकाळी बँकेत कन्नड, किराणा दुकानात मराठी आणि एखाद्या व्यापाऱ्याशी हिंदी बोलणाऱ्या सीमाभागातील माणसाला समोरच्याचा कल ओळखून बोलण्याची सवय असतेच. ती सवय मोडू नका. तिच्या जोरावर ही नवी रीतही तुम्हाला साधेल.

या आठवड्यात वरिष्ठांकडे दहा मिनिटे मागून घ्या. लांबलचक दिलगिरी नको. ‘अडचण आली तर किती आधी आणि कोणाला कळवू?’ असे सरळ विचारा, आणि हातातील ज्या कामांच्या तारखांविषयी आजच शंका आहे, ती कामेही त्याच भेटीत सांगून टाका.