लाव्हा म्हणजे मुळात पावसाचा लोंढा

राजापूरकडच्या एका सरांनी विचारलंय की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चंद्राच्या दगडांवर तक्ता करतोय, तर लाव्हाला मराठीत शिलारस लिहू, लाव्हारस लिहू की तप्तरस, आणि चंद्रावर हवाच नाही तर ज्वाळा कुठून येणार, मग ज्वालामुखी लिहिलेलं चालेल का. शिवाय नमुना म्हणून तक्त्यापुढे जांभ्याचा चिरा ठेवणार आहेत, कारण चंद्रावर गेलेल्या अपोलोवाल्यांनी आणलेल्या एका दगडाच्या फोटोत अशीच भोकं दिसतात.

सर, आधी तो चिरा उचला. जांभा म्हणजे लाव्हाचा दगड हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की कान दुखतात. रिसॉर्टच्या पाट्यांवर तेच, गाइडच्या तोंडी तेच. अहो, जांभा ही पावसाची करणी आहे. खालचा काळा दगड लाव्हाचा, बरोबर, पण त्याच्यावर लाखो वर्षं पाऊस पडला, त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं धुऊन गेलं आणि लोखंड नि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, त्या लोखंडाला गंज चढला म्हणून तो लाल. पाणी झिरपून झिरपून भोकं पडली. चंद्रावर पाऊस नाही, त्यामुळे जांभा नाही. तिथल्या दगडांत तर न गंजलेल्या लोखंडाचे बारीक कण अजून तसेच सापडतात, साडेतीन अब्ज वर्षांच्या दगडात! तिथली भोकं म्हणजे वितळलेल्या रसातून वायू बाहेर पडताना अडकलेले बुडबुडे. तुम्हाला नमुनाच हवा तर घाटात जा, रस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या दगडात गोल गोल पोकळ्या दिसतील तो आणा. फक्त आपल्या दगडातल्या पोकळ्या बऱ्याचदा पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात कारण आत पाणी फिरलं, चंद्रावरच्या रिकाम्या असतात. हा फरक पोरांना हातात दगड देऊन दाखवा, तक्त्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

आता शब्द. जमिनीच्या पोटात असेपर्यंत शिलारस, बाहेर येऊन वाहायला लागला की लाव्हा, झालं. शिलारसावर वैद्यमंडळी हरकत घेतात कारण त्यांच्याकडे शिलारस हा एका झाडाचा सुगंधी चीक आहे, धुपात घालतात तो. हरकत खरी आहे, पण भूगोलाच्या पुस्तकात बसून शब्द आता रुळलाय, राहू दे. तप्तरस कोणी बोलत नाही. आणि लाव्हारस मात्र नको म्हणजे नको! का ते सांगतो, आणि ह्यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

लाव्हा हा शब्द इटलीतल्या नेपल्सच्या बोलीतला. तिथे जोराचा पाऊस पडला की उतारावरच्या गल्ल्यांतून पाण्याचा लोंढा धावत सुटतो, त्या लोंढ्याला तिथले लोक लाव्हा म्हणायचे. मूळ धातू लाव्हारे, म्हणजे धुणे. लॅव्हेटरी त्याच घरातला. नेपल्सच्या डोक्यावर व्हेसुव्हियस ज्वालामुखी, तो भडकला की डोंगरावरून तसाच लोंढा खाली येणार, फक्त पाण्याच्या जागी आग. लोकांनी नवीन शब्द शोधलाच नाही, पावसाळ्यातला ओळखीचा शब्द उचलून डोंगराला लावला. १७३७ च्या उद्रेकावर फ्रांचेस्को सेराओ ह्या वैद्याने लिहिलं त्यात हा शब्द ह्या अर्थाने वापरला आणि मग तो जगभर गेला.

हे वाचलं तेव्हा मला आमची पाखाडी दिसली. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे, मृगाचा पाऊस एकदा धरला की तिच्यावरून लाल पाणी पायरी पायरी उड्या मारत येतं, पाचोळा, काजूची बोंडं, कोणाची तरी चप्पल, सगळं घेऊन, आणि खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात पडतं. आई दारात उभी राहून ओरडायची, व्हाळ इलो रे, वाटेर जाव नको! बस, नेपल्सची बाई हेच ओरडली असेल, लाव्हा आला. लाव्हाला मराठी शब्द हवा ना, तो व्हाळ. रत्नागिरीकडे पऱ्या म्हणतात, त्यांनी पऱ्या म्हणावं. व्हाळ आपल्या वाहणेमधूनच आलाय. आणि म्हणून लाव्हारस नको, कारण लाव्हात वाहणं आधीच आहे, त्याला परत रस जोडणं म्हणजे पावरोटी केल्यासारखं, पाव म्हणजेच पोर्तुगीजांची रोटी.

इथे काही अभ्यासक मला सांगायला येतात की लाव्हा हा संस्कृत ज्वालाचा अपभ्रंश. साफ चूक. ज्वालाचं मराठीत काय झालं ते आपल्या चुलीत बघा, जाळ झाला, ज्वाळा झाली. तिला लाव्हा व्हायला नेपल्सला जायचं कारणच काय? दुसरा पक्ष लॅटिन लाबेस, म्हणजे घसरण, तिकडे बोट दाखवतो. तो पक्ष निदान अभ्यास करून बोलतो, पण मला तो पटत नाही, कारण पावसाच्या लोंढ्याचा अर्थ त्याच बोलीत जिवंत असताना घसरणीकडे कशाला जायचं. तसंच आपल्या काळ्या दगडाच्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्याचं भाषांतर दख्खनचा सापळा करणाऱ्यांना हात जोडून विनंती, तो ट्रॅप स्वीडिश ट्रापा, म्हणजे जिना. लाव्हाचे थर एकावर एक बसून सह्याद्रीला पायऱ्या पडल्यात म्हणून. ती पण पाखाडीच!

आणि चंद्रावर तर व्हाळ हा शब्द चपखल बसतो. तिथला लाव्हा लोखंड जास्त नि सिलिका कमी म्हणून फार पातळ होता, इंजिन ऑइलसारखा, तो लांब लांब वाहत गेला आणि सखल भागात साठून काळे डाग झाले, जे आपण उघड्या डोळ्यांनी बघतो आणि ज्यांना जुन्या लोकांनी समुद्र समजून मारिया म्हटलं. जिथून वाहिला तिथे नागमोडी चर राहिले. १९७१ मध्ये अपोलो १५ अशाच एका चराच्या काठावर उतरलं, हॅडले रिल, शंभर किलोमीटरच्या वर लांब, दीड किलोमीटरच्या आसपास रुंद, तीनशे मीटरहून खोल. काही म्हणतात वर छप्पर होतं, बोगद्यासारखा वाहिला आणि मग छप्पर कोसळलं. काही का असेना, वाहिला ना? मराठी लेखांत ह्या रिलला भेग, घळ, दरी काय वाटेल ते लिहितात. भेग फाटून होते. हा वाहून झालेला आहे, वळणं बघा, नुसत्या फोटोवरूनसुद्धा आमच्या वाडीतलं पोर सांगेल की हा व्हाळ आहे.

सरांनी फोटोत पाहिला तो भोकांचा दगड बहुतेक तिथलाच असणार. अपोलो १५ चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावरच्या गाडीतून यानाकडे परत येत होता, वेळ संपत आलेला, थांबायची परवानगी मिळाली नसती, तर त्याने सीटबेल्ट नीट करतोय असं सांगून गाडी थांबवली आणि तेवढ्यात उतरून दगड उचलला. एक किलोला थोडा कमी, सगळा बुडबुड्यांनी भरलेला. आजही त्याला सीटबेल्ट बेसॉल्ट म्हणतात, बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचा काळा दगड. असल्या दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाड काप काढून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ, भूरसायनवाले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि कुठलं खनिज आधी गोठलं नि कुठलं मागून ते वाचतात. अपोलो ११ च्या दगडांत एक नवंच खनिज मिळालं त्याला नाव दिलं आर्मालकोलाइट, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स, तिघांची अक्षरं जोडून. दगडात माणसांची नावं अशी बसलेली बघून मला फार आनंद होतो.

हां, ज्वालामुखीचं राहिलंच. लिहा खुशाल. ज्वालामुखी म्हणजे मुळात हिमाचलातल्या कांगड्याची देवी, तिथे जमिनीतून गॅस येतो आणि ज्योती जळतात, लाव्हा नाही. आणि इंग्रजीतला व्होल्कॅनो इटलीच्या व्हुल्कानो बेटावरून, त्या बेटाचं नाव अग्निदेव व्हल्कनवरून. देवाचं नाव त्यांनी घेतलं, देवीचं आपण. चंद्रावर जाळ नव्हता पण कारंजी होती, वायूच्या जोराने रस उंच उडाला आणि थेंब गोठून काचेचे बारीक मणी झाले, १९७२ मध्ये अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटला नारिंगी माती दिसली ती हीच. तक्त्यावर ते मणी काढा, शेजारी हॅडलेचा फोटो लावा आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा, हॅडलेचा व्हाळ. परीक्षकांनी विचारलं तर पोरांना पाखाडी दाखवायला सांगा.